धुवायचं राहिलेलं रबर

रबराचे तीन तुकडे पिशवीत घालून मी लालबागच्या चाळीचे तीन जिने चढले, तेव्हाच मला ठाऊक होतं की बाबा तिन्ही नापास करणार. शाळेत शिकवायचे मी, पण नापास करायची हौस त्यांना होती.

आई गेल्यापासून ते त्या खोलीत एकटेच राहत होते. होळीच्या सुमाराला मोरीत घसरले आणि मनगट मोडून घेतलं. डॉक्टर म्हणाले, या वेळी मनगटावर निभावलं, पुढच्या वेळी खुबा जाईल. मी तिथेच ठरवून टाकलं की आता यांना माटुंग्याला माझ्याकडे न्यायचं. मी ठरवलं की झालं, असा माझा समज होता. पण बाबा मालवणकडचे आणि जुन्या मताचे. लेकीच्या घरी बापाने पाणीसुद्धा पिऊ नये, हे त्यांनी माझ्या लग्नापासून पाळलेलं. इतक्या वर्षांत माझ्याकडे यायचे ते दाराशी पाच मिनिटं टेकायला, आणि काखेतल्या पिशवीत स्वतःच्या पाण्याची बाटली असायची. त्या बाटलीचा मला भयंकर राग यायचा. दिलेला शब्द आणि पाळलेली रीत मोडायची नाही म्हणजे नाही, मग समोरच्याचं काहीही होवो, असा तो माणूस होता. गिरणीच्या संपात तो तसाच वागला आणि माझ्या दारातही तसाच वागत होता.

तोडगा गॅरेजने निघाला. आमचं घर तळमजल्यावर आणि भिंतीला लागून सासऱ्यांचं गॅरेज. गाडी कधीच विकली होती, आत पेट्या आणि मोडक्या खुर्च्या होत्या. मी म्हटलं, त्याला वेगळं दार करते, आत वेगळा गॅस, वेगळी मोरी, तुमचं मडकं तुम्ही अंगणातल्या नळावर भरा.

बाबांनी बराच विचार केला. "म्हणजे तां घर नाय, गॅरेज," ते म्हणाले. "गॅरेजात रवलां तर चलात. पण जमीन माझ्या पायाक बरी वाटाक होयी. नायतर मी हंयच बरो."

गॅरेजची जमीन म्हणजे वर्षानुवर्षं ऑइल पिऊन काळी आणि गुळगुळीत झालेली लादी. त्यावर ते दुसऱ्याच दिवशी आडवे झाले असते. म्हणून रबर, आणि म्हणून लोहार चाळीच्या बाजारातल्या दुकानांतून मागून आणलेले ते तीन तुकडे.

बाबांच्या खोलीत मी ते ओळीने मांडले. बाबांनी चपला काढल्या आणि एकेकावर उभे राहिले. पहिला होता लाल-पिवळा, एकात एक अडकवायच्या चौकोनांचा. "ह्यावर बसान मी काय बालवाडीची गाणी म्हणू?" दुसऱ्यावर नाण्यांएवढे उंचवटे होते. "टोचता." तिसरा जुन्या टायरांचा भुगा दाबून केलेला, माझ्या मते उत्तम. बाबांनी वाकून वास घेतला आणि तो तुकडा पायानेच माझ्याकडे सारला. मी तिन्ही पिशवीत कोंबले आणि जिना उतरताना त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बडबडले.

शेवटी गॅरेजचं दार करणाऱ्या सुताराने सुचवलं की दारूखान्याच्या भंगारबाजारात जाडजूड रबर मिळतं, गिरण्या पाडतायत ना. तेव्हा खरोखरच रोज एखादी भिंत पडत होती. दारूखान्यातल्या भंगारवाल्याकडे एक गुंडाळी निघाली. बोटभर जाड, खालच्या अंगाला कापडाचे थर, वरून काजळीने काळी. कुठल्या गिरणीचं म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, "सात-आठ मिल का माल एकत्र है, ताई. किसको मालूम."

सुताराने ते कापून गॅरेजभर चिकटवलं. बाबा बघायला आले, चपला बाहेर काढून आत गेले आणि मधोमध उभे राहिले. मला वाटलं, आता काहीतरी खोड काढतील. त्यांनी नुसती पायाची बोटं एकदा आवळली आणि पसरली, मग हळूहळू दोन्ही डोळे मिटले.

"खंयसून हाडलंस?" त्यांनी विचारलं.

"भंगारातून."

"चलात," बाबा म्हणाले. मी इतकी खूश झाले की त्यांचा आवाज कसा होता याकडे माझं लक्षच गेलं नाही.

ते राहायला आले, स्वतःची पेज स्वतः शिजवू लागले, माझ्या घरातून गेलेली वाटी झाकणही न उघडता परत येऊ लागली. तरी भिंतीपलीकडे बाप आहे, पडला तर ऐकू येईल, एवढ्यावर मी समाधानी होते.

श्रावणात हवा ओली झाली. एका दुपारी शाळेतून आले तर बाबा खाटेवर पाय पसरून बसले होते आणि त्यांच्या दोन्ही टाचा लालभडक होत्या. मी किंचाळलेच. पाय धरून उलटसुलट पाहिला, जखम कुठेच नव्हती. ओल्या फडक्याने पुसलं तर रक्तासारखा ओघळ आला आणि खाली स्वच्छ, सुरकुतलेली टाच. दुसऱ्या दिवशी लादी पुसणाऱ्या बाईंचे तळवे लाल झाले. नवरा म्हणाला, गंज असेल. रबराला गंज लागत नाही, एवढं माझ्यासारख्या विज्ञान शिकवणाऱ्या बाईला कळत होतं.

आठवड्याभरात खाटेच्या पायाशी एक कोयरी उमटली. तळहाताएवढी, देठाशी वळलेली, लाल. मग तिच्या शेजारी दुसरी. मग एक आख्खी ओळ, भिंतीकडे सरकत गेलेली. रोज सकाळी एखादी नवीन दिसायची. कारण मी शोधून काढलं होतं. रोज लादी पुसायच्या सोड्याच्या पाण्याने वरची काजळी निघत होती आणि दमट हवेत खालचा वाळलेला रंग फुगत होता. कारण कळलं की भीती जाते, असं मी वर्गात सांगत आले होते. ते खोटं आहे. त्या ओळी जिकडे सरकत होत्या तिकडे बघायला मी टाळू लागले.

त्या कोपऱ्यात सगळ्यात शेवटी पंजा उमटला. उजव्या हाताचा, टेकलेला, आणि त्यातली मधली दोन बोटं अर्ध्यावरच संपलेली. लादी पुसणाऱ्या बाईंनी बादली दारात ठेवली ती ठेवली, पुन्हा गॅरेजात पाऊल टाकलं नाही.

बाबांनी मात्र खुर्ची फिरवून त्या कोपऱ्याकडे तोंड केलं. साडेतीन वाजता, म्हणजे गिरणीची पहिली पाळी सुटायची त्या वेळेला, ते तिथे बसायचे आणि त्यांचे ओठ हलायचे. आवाज नाही. गिरणीतली माणसं यंत्रांच्या गोंगाटात अशीच ओठांवर बोलत, आणि माझ्या परीक्षेच्या दिवसांत आईबाबाही घरात तसंच बोलायचे, त्यामुळे मला ते वाचता येतं. मी दाराआडून पाहिलं. बाबा म्हणत होते, उद्या. मग थांबत होते, कुणाचं तरी ऐकल्यासारखी मान हलवत होते आणि पुन्हा म्हणत होते, उद्या. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. बापाचं डोकं फिरलं की काय, ही भीती एका बाजूला होती. दुसरी भीती अशी की मान हलवायच्या आधी ते बरोबर तेवढंच थांबत होते, जेवढं एका वाक्याला लागतं.

मी लोहार चाळीच्या दुकानात टायरच्या भुग्याचं रबर सांगून टाकलं आणि हे उखडायला सुताराला रविवारी बोलावलं. रविवारी सकाळी सांगायला गेले, तर बाबांनी मडकं उपडं घातलं होतं आणि वळकटी बांधून झाली होती.

"मी जातंय. लालबागाक."

"तीन जिने? आणि तिकडे पडलात तर?"

"पडलंय तर पडलंय. हंय तो बसलो हा."

"कोण, बाबा?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. बाबा गिरणीत छपाई खात्यात होते, हे मला माहीत होतं. तिथे काय काम करायचे, हे मी कधी विचारलं नव्हतं. कापड छापायच्या यंत्रात हा रबराचा रुंद पट्टा फिरायचा आणि कापड त्याला चिकटून पुढे जायचं. कापडातून झिरपलेला रंग पट्ट्यावर साचायचा. तो वाळला की धरून बसतो, म्हणून पाळी सुटताना दोघांनी दोन बाजूंना बसून पट्टा ब्रशने धुवायचा. समोरच्या बाजूला वर्षानुवर्षं एकच जोडीदार असायचा. धुऊन झालं की एक पेला पाणी दोघांत अर्धं अर्धं प्यायचे. त्याची दोन बोटं यंत्रात गेलेली.

संपाच्या आदल्या पाळीला सगळे काम टाकून फाटकाशी जमू लागले. यंत्र थांबलं होतं, पट्ट्यावर लाल कोयऱ्या ओल्या होत्या. जोडीदार म्हणाला, धुवून जाऊ, दहा मिनिटांचं काम. बाबा म्हणाले, राहू दे, उद्या धुवू, नाहीतर मालकाला धुवू दे. दंड धरून त्यांनी त्याला उठवलं. उठताना त्याने ओल्या रबरावर हात टेकला.

पुढे संप चालू असतानाच गिरणीतली काही खाती सुरू झाली, छपाई उघडलीच नाही. जोडीदाराच्या घरात चूल पेटत नव्हती. दुसऱ्या एका खात्यात त्याला घ्यायला तयार होते. तो निघाला तेव्हा बाबा त्याच्या वाटेत उभे राहिले आणि म्हणाले, आत गेलास तर तुझं तोंड बघणार नाही. तो आत गेला नाही. बायकापोरांना घेऊन गावी गेला आणि दोन पावसाळ्यांत तिथेच वारला. त्याचं गाव आमच्या गावापासून चालत जाण्याइतकं जवळ. बाबा एकदाही भेटायला गेले नाहीत.

"त्यानं माज्याकडे एकच मागल्यान," बाबा म्हणाले. "धुवन जावया. इतक्याच."

"बाबा, गिरण्यांत बोटं गेलेली माणसं पैशाला पासरी होती. हे रबर कुठल्या गिरणीचं आहे हेसुद्धा आपल्याला ठाऊक नाही."

"माका तेचो हात कळता."

ते रडत होते. मी त्यांना आई गेली तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मला राग आला. इतकी वर्षं हा माणूस हे पोटात घेऊन बसला आणि आम्हाला बाटलीतलं पाणी दाखवत राहिला. मी ओरडलेच, "मग धुवा ना. धुवायचं राहिलंय, तर धुवून टाका. वळकटी कसली बांधताय?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "एकट्याक नाय जमणा," ते हळूच म्हणाले. "दोघां लागतत."

मी सुताराला परत पाठवलं. दोन ब्रश, धुण्याचा सोडा आणि बादल्या आणल्या, पदर खोचला आणि समोरच्या भिंतीशी गुडघे टेकून बसले. बाबा मोडलेला हात सांभाळत पाटावर बसले. दारापासून सुरुवात केली. "दाबू नको," ते सांगत होते. "सरळ ने. माज्यावांगडा ये." ते थांबले की मी थांबायचे, ते सरकले की मी सरकायचे. थोड्या वेळाने ते सांगायचे थांबले आणि नुसते ओठ हलवू लागले, आणि मला कळत होतं. कोयऱ्या सहजी निघत नव्हत्या, खांदे भरून आले. लाल पाणी दाराखालून अंगणात गेलं. इमारतीचा रखवालदार बघायला आला आणि दोन पावलं मागे सरून तसाच निघून गेला.

कोपऱ्यात पोचलो तेव्हा तिथे पंजा नव्हता. मी ब्रश लावला नव्हता आणि बाबांचा हात तिथवर पोचला नव्हता. गॅरेजला त्या बाजूला थोडा उतार आहे, सोड्याचं पाणी तासभर तिथे साचून राहिलं होतं. तसंच झालं असणार. मी बाबांकडे पाहिलं. ते कोपऱ्याकडे बघत होते आणि त्यांनी मान हलवली, एकदाच.

मग ब्रश बादलीत टाकून ते म्हणाले, "पाणी हाड."

मडकं उपडं होतं. मी माझ्या स्वयंपाकघरात गेले आणि माझ्या माठातलं पाणी पेल्यात भरून आणलं. बाबांनी पेला घेतला, अर्धा प्यायले आणि आमच्या दोघांच्या मध्ये ओल्या रबरावर ठेवला.

"अर्धां तेचां," ते म्हणाले.

आम्ही दोघंही त्या पेल्याकडे बघत बसलो. गॅरेजात सोड्याचा वास होता आणि कोपरा रिकामा होता. मग बाबांनी पेला उचलून माझ्यापुढे धरला.

"पी आता."

मी प्यायले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा टाकत होते, तर स्वयंपाकघराच्या दारात कुणीतरी उभं असल्याचं जाणवलं. वळून पाहिलं. बाबा होते, अनवाणी, आणि उंबऱ्याच्या आत.

"अर्धो कप माका पण," ते म्हणाले.