हाताला कळणारी सडक

पाठीच्या ऑपरेशननंतर चार महिन्यांनी डॉक्टरांनी माझ्या पत्नीला, सुमनला, फिरायची परवानगी दिली. तिनं एकच मागितलं: जामसांवलीच्या मारुतीला जाऊन नवसाचा नारळ फोडायचा. पण पाठीला धक्का लागू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून बस टाळून आमची जुनी मोटार काढली.

पांढुर्ण्याहून सकाळीच निघालो, पेट्रोल गावातच भरलं. संत्र्यांचे दिवस होते. धुक्यात बागा तरंगल्यासारख्या दिसत होत्या. ट्रकांत संत्र्यांखाली घालायचं भाताच्या पेंढ्याचं तणस सडकेवर सांडून पिवळं अंथरूण झालं होतं, खाली खड्डे झाकलेले. मी निर्धास्त होतो. माझं स्टेअरिंग जड, पण प्रत्येक गोटा तळहाताला सांगणारं. त्याच्या भरवशावर मी बागा पाहत चालवत होतो. जामसांवलीला पोचलो तेव्हा दाराचा दांडा घट्ट धरून सुमन बसली होती, ओठ पांढरे पडलेले.

नारळ फोडून निजलेल्या मारुतीरायाच्या मूर्तीपुढे ती बराच वेळ हात जोडून उभी राहिली. बाहेर तिचा भाऊ शंकर सौंसरहून नवी छोटी गाडी पूजेला घेऊन आला होता. चाकांखाली लिंबं ठेवली होती.

"भाऊजी, स्टेरिंग पहा, एका बोटानं फिरते!"

"हाताले काहीच लागत नाही रे. सडक कशी हाय, कसं समजते तुले?"

"मंग डोये काहाले देले देवानं?"

सौंसरला त्याच्याकडे वडाभात जेवलो. निघताना तो बहिणीकडे पाहत म्हणाला, "बाईले माह्या गाडीत न्या. तुमची मी रविवारी आणून देतो."

परतताना त्या नव्या गाडीत माझे हात मुके झाले होते. तणस दिसलं की भीती वाटे. मी गाडी हळू करायचो, बाजूनं काढायचो. बागांकडे पाहिलंच नाही. ऊन कलत होतं, मनात रामनाम चालू होतं.

"अजी, धक्के काऊन नाही लागून राहिले?" सुमननं विचारलं आणि झोपी गेली.

तेव्हा उमगलं, माझ्या हाताला खड्डा कळायचा तो चाक त्यात गेल्यावर. तोवर तिच्या पाठीला कळलेलं असायचं.

रविवारी शंकर जुनी गाडी घेऊन आला. "भाऊजी, इका आता हे धूड."

"राहू दे," सुमन म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "त्या दिवशी चालवली तशी चालवा, बस."

स्टेअरिंग अजून बोलतं, आणि मला ते अजून आवडतं. पण तणस दिसलं की आता पाय आधी ब्रेकवर जातो. परवा त्याच सडकेनं गेलो, तेव्हा सुमनचे दोन्ही हात मांडीवर होते.