मफलरात गुंडाळलेलं द्रावण

माझ्या नावाआधी 'डॉक्टर' लागलं ते आमच्या प्रयोगशाळेतल्या मामांमुळे. माझं आजही ठाम मत आहे की त्या काळी अख्ख्या नांदेडात रसायनशास्त्र हाताला कळलेला एकच माणूस होता, आणि तो दहावी नापास होता. मामा म्हणजे आमचे परिचर. रोज सकाळच्या गाडीनं उमरीहून यायचे, तेही गळ्यात तपकिरी लोकरी मफलर घालून. मे महिन्यात नांदेडची फरशी तव्यासारखी तापते, तेव्हाही मफलर कायम. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "हिवाळ्याचा काय भरवसा? कवाबी येतो."

निलंग्याजवळच्या खेड्यातून मी आलो, तेव्हा घरात मॅट्रिकच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. दारात घाबरून उभा होतो. मामा म्हणाले, "निलंग्याहून एस्टीनं इथवर आलात न्हवं? मंग हाडं घट्ट हायती. या आत, डाक्टर." प्रवेशाचा अर्जसुद्धा अजून भरायचा होता, पण मामांनी पदवी देऊन टाकली.

प्रयोगशाळेतल्या प्रत्येक वस्तूशी त्यांचं नातं होतं. क्लोरोफॉर्मला ते जावई म्हणत, कारण बूच जरा सैल राहिलं की तो रुसून निघून जायचा. लाखो रुपयांच्या यंत्राचं बटण दाबताना "उठा साहेब, तुमच्या पगाराचं काम करा," असं बजावत. संशोधकाची लायकी ते धुतलेल्या बीकरवरून ठरवत. आमच्या मार्गदर्शकांबद्दल त्यांचा निकाल असा होता: "सरांच्या डोक्यात इज्ञान लई हाय. हातापर्यंत उतरलं न्हाई."

माझा विषय होता रंगद्रव्याच्या रेणूंची घडी. दोन चपटे रेणू एका लवचिक साखळीनं जोडायचे. द्रावणात ती साखळी दुमडते, चपटे भाग एकमेकांवर बसतात, मग अशा अनेक घड्यांची आपोआप थप्पी लागते. थप्पी नीट लागली की नारिंगी द्रावण डाळिंबी होतं. माझं एकदा झालं. मी फोटो काढला, सरांनी पेढे वाटले, आणि त्यानंतर तीन महिने ते पुन्हा काही होईना. दर वेळी तळाशी मातकट गाळ. कामाचा आढावा घेणाऱ्या समितीसमोर रंग दाखवता आला नाही तर फेलोशिप बंद होणार होती, म्हणजे मी परत गावाकडे.

घाबरलेला माणूस दुसऱ्याचा दोष शोधतो. मला मामांचं बीकर धुणं आठवलं. साबण राहत असेल. मी विभागप्रमुखांकडे गुपचूप अर्ज दिला की परिचरांनी माझ्या टेबलाला हात लावू नये. प्रमुखांनी एक पाऊल पुढे जाऊन मामांना थेट स्टोअररूममध्ये पाठवलं. मामांना वाटलं, ही करणी प्रमुखांचीच. दिवसभर रिकाम्या बाटल्यांना सांगत राहायचे, "साहेबाच्या डोळ्यात खुपून राहिलो मी." मी ऐकायचो आणि मान खाली घालून पुढे जायचो.

समितीला आठवडा उरला होता. मी तापवलेली बाटली नेहमीसारखी बर्फात बुडवत होतो. मामा दारापर्यंत आले. हुकूम पाळून उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"अवो, गरम काच बर्फात? तडकंल की! मागं मी होतो म्हणून वाचली."

"मागं कधी?"

"तुमचा फोन आला, तुम्ही पळालात बाहेर. बाटली चटके देत व्हती. मी मफलरात गुंडाळून ठिवली, दुपारी निवल्यावर परत मांडली."

"मग सांगितलं का नाही?"

"उगं वरडला असता. तवा तर तुम्ही रंग बघून नाचत व्हता."

मी मफलर मागितला आणि बाटली त्यात गुंडाळली. दुपारी उलगडला तर आत डाळिंबी रंग! घाईनं गार केलं की रेणू जिथं असतील तिथं कसेही चिकटतात. सावकाश गार होऊ दिलं तर प्रत्येकाला आपली जागा सापडते. मामा उंबऱ्यावरूनच म्हणाले, "पाव्हण्यांना टेकायला सवड तर द्या, डाक्टर."

फेलोशिप वाचली. प्रबंधात मी लिहिलं, 'द्रावण लोकरी कापडात गुंडाळून सावकाश थंड केले.' कापड कुणाचं, ते लिहिलं नाही. अर्जही मागे घेतला नाही. घेतला असता तर तो कुणी दिला होता हे कळलं असतं. मामा स्टोअरमधूनच निवृत्त झाले. आता मी लातूरला शिकवतो. गेल्या आठवड्यात त्यांना हे पत्र पाठवलं:

'ती. मामांना साष्टांग नमस्कार.

तुम्हाला स्टोअरमध्ये पाठवायला लावणारा अर्ज साहेबांचा नव्हता, माझा होता. साबणाचा संशय खोटा होता, हे मला मफलर उलगडला त्याच दुपारी कळलं होतं. तरी मी गप्प बसलो. निरोपाच्या चहाला तुम्ही साहेबांना बोलावलं नाही आणि मला शेजारी बसवलंत. ती खुर्ची त्यांची होती.

रविवारी सकाळी उमरीला येतोय. शिव्या पोस्टानं पाठवू नका. समोर बसून ऐकायच्या आहेत.'