अल्पेशने आणलेला पंख्यांचा राऊटर

वेसाव्याच्या सोनूबाईचा मधला पोरगा अल्पेश. बाप महादू होडीवर जायचा, पण ह्याला पाणी लागायचं, उलट्या व्हायच्या. म्हणून शिरला वायरीच्या धंद्यात. कोळीवाड्यात दोनशे घरांना त्याचंच इंटरनेट. अंधेरीच्या एका मोठ्या कंपनीकडून घाऊक घ्यायचा नि घरोघरी द्यायचा.

एक दिवस कंपनीचा माणूस ओटीवर येऊन बसला. चहा प्याला नि म्हणाला, "एक तारखेपासून भाव दीडपट. नाहीतर घरं आम्हाला दे, आमच्याकडे पगारावर राहा."

सुटायची वाट एकच. शहरात एक जागा आहे, तिथं सगळे नेटवाले आपापली वायर आणून एकमेकांना जोडतात. पीअरिंग म्हणतात त्याला. कोळणीने कोळणीला थेट मासळी दिली तर मधला दलाल कशाला? तसंच ते. पण त्याला राऊटर चांगला लागतो, म्हणजे कुठलं काय कुठल्या वायरीने पाठवायचं ते ठरवणारी मशीन. नवा मोठा घ्यायचा तर बापाची होडीच विकायला लागली असती.

घाटकोपरला चंद्रप्रकाश जुन्या मशीन विकायचा. त्याने दोन पुढे ठेवल्या, भाव सारखाच. एक पवईच्या हपिसातून काढलेलं धूड, चार पंखे. "जगातले सगळे रस्ते हिला पाठ. चार लहान विकणाऱ्यांकडून थोडं थोडं घे, कुणाच्या पाया पडायला नको." दुसरा जवळजवळ नवा, बिनपंख्याचा, जेवणाच्या डब्याएवढा. "ह्याला जोडलेल्यांचेच रस्ते कळणार. बाकीचं सगळं एकाच्याच हातात द्यावं लागेल."

तो एक म्हणजे तीच कंपनी. सगळं एकहाती पुरवणारं दुसरं होतं कोण?

"परत तिच्याच दारात? मोठी दे," अल्पेश म्हणाला.

दोन महिने झकास गेले. कंपनीचा फोन वाजायचा, हा उचलायचाच नाही. मग एका संध्याकाळी सगळा कोळीवाडा बंद. शेजारची दर्शना दारात उभी, "अरे मेल्या, माझी सिरीयल!"

मशीन उघडली तर आत मीठ साचलेलं, हिरवा गंज, नि सुक्या मासळीचा चुरा. खिडकीबाहेरच बोंबील वाळत होते ना!

सोनूबाईने कपाळाला हात लावला. "बापूस तुझा रोज होडीचं इंजिन गोड्या पाण्याने पुसतो, तेल लावतो. नि तू हे खारं वारं पिणारं घरात आणलंस? वर खिडकीत ठेवलंस?"

"आये, मशीन आहे ती. होडी नाय."

"वारं काय विचारून शिरतं?"

"एसी लावू या का?" बायको कल्पिताने विचारलं. मग स्वतःच म्हणाली, "नको. त्याच्या बिलापेक्षा कंपनी बरी."

तिची भिशी लागली होती. त्यात तो डबा आला. अल्पेशने स्वतःच कंपनीला फोन लावला. "अर्धंच लागेल आता, बाकीचं पीअरिंगमधून येतं."

"अर्ध्याला भाव दुप्पट, अल्पेशशेठ."

म्हणजे खर्च पहिला होता तेवढाच. घरं तेवढी त्याच्याकडे राहिली, तीही कंपनीची मर्जी असेतोवर.

"लिहा," तो म्हणाला.

खारं वारं शिरायला नको म्हणून खिडकीला त्याने फळ्या ठोकल्या. डब्याला पंखा नाही, तो गप्प बसतो. आत अल्पेशच घामाने भिजतो, पण फळी काढायची सोय नाही.