घोट्यावर भरवसा नसलेल्या शैलाताई

रिठदहून शैलाताईंच्या वहिनीचा फोन आला, तेव्हा मी वाशिमला माझ्या नाचाच्या क्लासचं कुलूप उघडत होते. "गेल्या वं बाई त्या, झोपेतच," वहिनी म्हणाल्या. मनात पहिलं आलं ते हे, की एक गोष्ट त्यांना विचारायची राहूनच गेली... दीड महिना झाला, तरी तेच येतं.

पुण्यात बॅले शिकलेल्या शैलाताई, घोटा कायमचा दुखावल्यावर गावी परतल्या आणि भावाच्या घरामागच्या खोलीत आम्हा पोरींना शिकवू लागल्या. त्यांचा कशावर म्हणून विश्वास नव्हता. बुटांवर नाही, जमिनीवर नाही, आणि "नाई दुखत ताई" म्हणणाऱ्या पोरीवर तर मुळीच नाही. आम्ही उड्या मारायचो तेव्हा त्या डोळे मिटून नुसतं ऐकत. पाय धपकन पडला की त्या पोरीला जवळ बोलावून घोट्याच्या हाडावर अंगठा दाबत आणि तिच्या तोंडाकडे बघत. "वर जाणं कोणालेई जमते. खाली येतानी अंगाच्या कईक पट भार या एवढ्याशा हाडावर येते," म्हणत. खोलीची जमीन त्या स्वतः सारवायच्या. पालकांना ते बरं दिसेना, म्हणून सगळ्यांनी मिळून गुळगुळीत फरशी बसवून दिली. ताईंनी आभार मानले आणि दुसऱ्या दिवसापासून आम्हाला उड्या मारायला अंगणातल्या मातीत काढलं. माती जरा दबते, फरशी सगळा मार पायालाच परत देते, असं त्यांचं म्हणणं. देणारे फुगून बसले. त्यात माझे बाबा पहिले.

मी सोळाची असताना अकोल्याला निवडचाचणी होती. निवड झाली तर मुंबईत शिकायला मिळणार होतं. आदल्या आठवड्यात ताईंनी अंगठा दाबला. "यंदा नाई जायचं."

"काहून? मले काई होत नाई."

"झूट नोको बोलू."

कळ आली होती, खरं आहे. पण त्या लंगडत आत गेल्या आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. स्वतःला जमलं नाही, म्हणून हिला दुसऱ्याचं बघवत नाही... घरी तसं बोललेही. बाबांना ते लगेच पटलं. आम्ही न सांगता गेलो आणि तिसऱ्या उडीला घोट्यात काडकन वाजलं.

दवाखान्यात ताई आल्या. मी बोलणी खायच्या तयारीत पडले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "फरशी होती का?" मी मान डोलावली. मी त्यांच्याबद्दल काय बोलले, हे कुणी त्यांच्या कानावर घातलं असेल का, हा संशय मला तेव्हापासून आहे. गाव लहान, बाबांचं तोंड मोठं. त्यांनी कधी दाखवलं नाही, मी कधी विचारलं नाही. याची मला लाज वाटते.

परवा क्लासमध्ये मी डोळे मिटून बसले असताना एका मुलीचा पाय जड पडला. घोट्यावर अंगठा दाबला, तर म्हणाली, "नाई दुखत मॅडम." मी तिचं नाव स्पर्धेतून काढलं. तिनं माझ्या लंगड्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या मनात काय चाललंय ते मला शब्दन् शब्द कळलं.

म्हणजे शैलाताईंना कुणी सांगायची गरजच पडली नसणार.