शेळगावच्या घराचा टेस्ट रिपोर्ट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? ठाऊक नाही – पण आता मनात ठेववत नाही.

बारामतीत माझं विजेच्या सामानाचं दुकान आहे, भिंतीवर ठेकेदारीचा सरकारी परवाना. नव्या घराला वीज जोडायची तर परवानेवाल्यानं वायरिंग तपासून टेस्ट रिपोर्टवर सही करायची. तपासून – असा नियम. आमच्याकडे गावातला बिनपरवान्याचा वायरमन काम करतो आणि आम्ही दुकानात बसून शिक्का मारतो. अर्थिंगचा, म्हणजे गळका करंट जमिनीत उतरवणाऱ्या तारेचा, आकडासुद्धा मी खुर्चीतूनच लिहायचो. वर तोरा असा, की जणू विजेचा शोध मीच लावलाय!

शेळगावचे रघुतात्या असेच वायरमन. वयानं मोठे, कामात माझ्याहून चोख. त्यांनी वायरिंग केलेल्या एका घराचे मालक रिपोर्ट सहीला घेऊन आले, त्याच दुपारी तात्यांचा फोन – "सायेब, अर्थिंगचा खड्डा राहिलाय. त्यास्नी वास्तुशांतीची घाई हाय, पर सही करू नगा. दोन दिस थांबा."

मालक समोर बसलेले. पंखे, दिवे माझ्याच दुकानातून घेतलेले. नाही कसं म्हणायचं? – मी सही केली. पुढं अंगणात फरशी बसली आणि खड्डा राहूनच गेला.

महिन्याभरात पाण्याच्या मोटारीत करंट उतरला. मालकांच्या पत्नी सुमनताईंनी ओल्या हातानं मोटारीचा पाइप धरला. त्या जागीच गेल्या.

दहाव्याला गावकऱ्यांनी मलाच विचारलं, तुम्ही जाणकार, चूक कुणाची? तात्या समोर उभे होते. आणि मी – मी म्हणालो, "बिनपरवान्याच्या माणसाकडून काम करून घेतलं की हेच व्हायचं."

फोनचं बोललो नाही. तात्याही बोलले नाहीत. का बोलतील? पुढच्या प्रत्येक कामाला माझीच सही लागणार होती. हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर जीभ रेटली. लाज वाटते लिहिताना.

त्यानंतर त्यांना कुणी कामच दिलं नाही. आता ते एका रोपवाटिकेत पिशव्या भरतात.

मागच्या आठवड्यात इंदापूरच्या बाजारात, चहाच्या टपरीवर दिसले. मी तोंड चुकवणार, तोच ते बाकावर सरकले. "बसा, सायेब." त्यांनी चहा सांगितला. मी बसलो, चहा प्यालो, पावसापाण्याचं बोललो – आणि उठून आलो.