आठ दिवस बंद ठेवलेली बांधी

पन्नासच्या दशकाच्या अखेरच्या वर्षांत, तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, सिंदेवाहीपासून सायकलने दीड तासावरच्या एका गावाने तलावाचं पाणी वाटण्याचं काम एका शेतकऱ्याकडून काढून घेतलं. हे काम त्याच्याकडे वडिलांपासून आलं होतं. ते गेलं त्याचं कारण मी दिलेली एक सूचना होती.

मी तेव्हा सरकारी नोकरीत होतो. धानाला रासायनिक खत कसं द्यायचं, हे गावोगाव करून दाखवायचं, असं कामाचं स्वरूप होतं. या गावाचा तलाव उंचावर आणि धानाच्या बांध्या, मातीचे धुरे घालून पाडलेले शेताचे तुकडे, त्याच्याखाली पायऱ्यांसारख्या उतरत गेलेल्या. वेगळी नाली नव्हती. तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायची मोरी, उघडलं की पाणी पहिल्या बांधीत येई आणि धुऱ्यात ठेवलेल्या तोंडातून एकीतून दुसरीत उतरत जाई. पहिली बांधी या पाणी वाटणाऱ्याची होती. गावाचा नियम असा, की पाणी आधी त्याच्या बांधीतून जाईल, पण ती भरेल सगळ्यांच्या शेवटी. तळाची बांधी भरल्याशिवाय तो आपलं तोंड बुजवत नसे. त्यामुळे पाणी किती आलं, हे बघायला दुसरं कुणी तलावावर जात नसे.

हा नियम मला माहीत होता. माझ्या वहीत तो लिहिलेला होता. तरी प्रात्यक्षिकासाठी मी तीच बांधी निवडली, कारण ती गाडीरस्त्याला लागून होती. येणाऱ्या-जाणाऱ्यांना पीक दिसावं, एवढाच विचार केला.

रोवणा, म्हणजे धानाची लावणी, होऊन महिना झाला होता. बांधीतलं पाणी काढून आम्ही चिखलावर अमोनियम सल्फेट फेकलं. पांढरे दाणे बघून धुऱ्यावर बसलेल्या निंदणाऱ्या बायकांपैकी एक म्हणाली, "साहेब, धानाची भाजी करून राह्यले का? मीठ टाकून राह्यले!"

"टाकू दे बाई," पाणी वाटणारा म्हणाला. "अळणी खाऊन खाऊन धान बी कटाळला असंल."

खत वाहून जाऊ नये म्हणून बांधीची दोन्ही तोंडं मातीने बुजवली. ती किती दिवस बंद ठेवायची, असं त्याने विचारलं. चार दिवस पुरेसे होते. मी आठ सांगितले. शेतकरी सांगितल्याच्या निम्मंच पाळतो, असा आम्हा नोकरदारांचा समज होता आणि म्हणून आम्ही आकडे वाढवून सांगत असू.

"आन् खालच्याइले पाणी?" त्याने विचारलं.

"पाऊस आहे ना, भाऊ."

"पाऊस का माह्या हातात हाय?" त्याने आभाळाकडे बघितलं. "बरं. आठ म्हणजे आठ. शब्द देलो तुमाले."

दुसऱ्या दिवसापासून पाऊस थांबला. मी बैठकीसाठी चांद्याला गेलो आणि तिथे मुक्काम वाढला.

पुढचं मी पाहिलेलं नाही. पाणी वाटणाऱ्याने आणि त्याच्या साळ्याने ते मला वेगवेगळं सांगितलं. दोघांचं सांगणं जुळलं. साळ्याची बांधी लगेच खालची होती. पाचव्या दिवशी तो चार जणांना घेऊन आला.

"भाऊजी, तोंड खोला. जमीन फाटून राह्यली आमची."

"साहेबाले आठ दिवस म्हणलो. आज पाचवा हाय."

"साहेब का तुमचं धान कापाले येते? त्याले काय समजते?"

"समजत नाई तं सरकारनं ठेवलं काऊन त्याले?"

"तुमाले गावानं ठेवलं, त्याचं काय?" साळा म्हणाला. "पाणी वाटाले ठेवलं का अडवाले?"

सहाव्या दिवशी पाणी वाटणारा सिंदेवाहीला चालत आला, तिथल्या माझ्या खोलीला कुलूप बघून परत गेला. शेजाऱ्याकडे निरोप ठेवला होता, "साहेबाले म्हणा, चार जण इचारून राह्यले." आठ दिवस भरल्यावर त्याने दोन्ही तोंडं उघडली आणि तुडूम सोडलं. तोवर खालच्या बांध्यांना भेगा पडल्या होत्या.

मी चांद्याहून परतलो तो तान्ह्या पोळ्याचा दिवस होता. निरोप मिळाला तसा दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. गाव तलावाच्या पाळीवर बसलं होतं. मला बघून पाणी वाटणारा उभा राहिला. इतका वेळ त्याने आपली बाजू मांडली नसावी, कारण सगळे माझ्याकडे वळले.

"साहेब, तुमीच सांगा या लोकाइले," तो म्हणाला. "आठ दिवस लागतेत ना?"

चार पुरेसे होते, आठ हा माझा आकडा होता, असं सांगता आलं असतं. तसं सांगितलं असतं तर दोष माझ्यावर आला असता आणि पुढे खात्याच्या कुठल्याही आकड्यावर गावाचा विश्वास बसला नसता. त्या घटकेला मला खात्यावरचा विश्वास मोठा वाटला. आज तसं वाटत नाही.

मी म्हणालो, "हो. आठ दिवस लागतात."

साळा म्हणाला, "म्हणजे भाऊजीनं जाणून केलं. पाणी बंद होईल हे ठावं असून शब्द देला."

एका म्हाताऱ्याने पाणी वाटण्याचं काम दुसऱ्याकडे द्यायचं सुचवलं आणि सगळ्यांनी मान डोलावली. पाणी वाटणारा खाली बसला नाही. पाळीवरून सरळ घरी गेला.

दिवाळीनंतर कापणी झाली. त्याचं धान गावात सगळ्यात चांगलं होतं. खालच्या बांध्यांत पोचट लोंब्या जास्त निघाल्या. मी अहवाल लिहिला. त्यात खताचा परिणाम चांगला झाल्याची नोंद केली आणि खालच्या बांध्यांबद्दल काही लिहिलं नाही. तो अहवाल बघून वरिष्ठांनी त्याच्या घरी धान पाहायला माणसं पाठवली. त्याने त्यांना चहा दिला.

पुढच्या पावसाळ्यात, बदलीच्या आधी, मी एकदा त्या गावी गेलो. रोवणा चालू होता. पाणी वाटणाऱ्या नव्या माणसाने तुडुमापासून पहिल्या बांधीच्या कडेकडेने एक नाली खोदली होती. तलावाचं पाणी त्या नालीने थेट साळ्याच्या बांधीत उतरत होतं.