उघड्या डोळ्यांचा बाळ

मार्थाबाय दुसऱ्याच्या घरात शिरताना कधी हाक मारायची नाही. दार ढकलायची, पाटावर बसायची आणि मग म्हणायची, "हाय काय कोण जिवंत?" माझी बायको फिलू गेली, त्याच्या नवव्या दिवशीही ती तशीच आली. तेच बोलली. मी म्हटलं, "मी हाय, पण अर्धाच." ती म्हणाली, "अर्ध्यालापण चाय लागते. पातेलं कुठं हाय?"

रोह्यात आम्हा किरिस्तावांची घरं पाच. मार्थाबाय माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, दाईचं काम करून म्हातारी झालेली. नाताळाआधीच्या चार रविवारांना आम्ही आगमनकाळ म्हणतो. दर रविवारी एक मेणबत्ती वाढवायची आणि देवाची वाट बघायची. ही प्रार्थना मार्थाबायकडे व्हायची. येशूजन्माच्या देखाव्याची गव्हाणी मात्र आमच्या घरी फिलू मांडायची, भाताच्या पेंढ्याची.

त्या वर्षी मी पहिल्या रविवारी गेलो नाही. दुसऱ्याही नाही. सोमवारी मार्थाबाय आली तेव्हा तोडूनच बोललो, "हॉस्पिटलात तीन आठवडे वाट बघितली देवाची. नाय आला."

वाटलं, आता उपदेश करील. ती म्हणाली, "व्हय. माझं पोर गेलं तेव्हापण नाय आला. मीपण लय शिव्या घातल्या. ऊठ, हमरापूरला जायचंय."

गव्हाणीतल्या बाळ येशूचा रंग उडाला होता. म्हणून गणपतीचा हंगाम संपल्यावर फिलूने तो हमरापूरच्या एका गणपती रंगवणाऱ्याकडे दिला होता. आणायचा राहून गेला. गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसलो. कासू स्टेशन मागे पडलं तरी बाय नुसत्या शेंगा सोलून माझ्या हातावर ठेवत होती. तिचं सांत्वन ते एवढंच.

रंगाऱ्याने विचारलं, "वहिनी नाय आल्या?" मार्थाबायने सांगितलं. त्याने ब्रश खाली ठेवला. मग कागदातून बाळ काढला.

आमचा बाळ झोपलेला, मिटल्या डोळ्यांचा. ह्याने गणपतीला करतात तशी डोळ्यांची आखणी करून टाकलेली. टपोरे, काळे, सरळ माझ्याकडे बघणारे.

"कुणी सांगितलं तुला?" मी ओरडलो. "तिने जन्मभर निजलेला बाळ पुजला!"

तो बिचारा घाबरला. "काका, आखणी केल्याशिवाय आम्ही देव कुणाच्या घरी पाठवत नाय. मला वाटलं, रंगाबरोबर डोळेपण गेले."

"पुसून टाक."

मार्थाबायने बाळ उचलून पदरात घेतला. "नाय पुसायचं. पास्कू, तुला झोप लागते काय रे हल्ली?"

"नाय."

"मग घरात तुझ्यासोबत आणखी कुणी जागा असू दे की."

मी तिथेच, त्या रंगाच्या डब्यांच्या मधे बसून रडलो. फिलू गेल्यापासून पहिल्यांदा.

तिसऱ्या रविवारची मेणबत्ती गुलाबी असते, आनंदाची. मार्थाबायने काडेपेटी माझ्याच हातात दिली. मी म्हटलं, "आनंद नाय गो बाय." ती म्हणाली, "नसला तरी चालतं. हात नीट धर, पडदा पेटंल."

दोन वर्षांनी, आगमनकाळातच, ती गेली. शेवटचे दिवस मी तिच्या खाटेशी शेंगा सोलत बसायचो. तिला चावत नव्हतं, तरी हातावर ठेवायचो. ती मूठ मिटून धरायची.

गव्हाणी आता मी मांडतो. पेंढा वाकडातिकडा बसतो. बाळ ठेवला की मी विचारतो, "हाय काय कोण जिवंत?" तो बघत असतो. मग मी उठून चाय टाकतो.